पाळत उठवल्याचा हुकूम

जळगावहून तार आली आणि ती फोडण्याआधीच मी रजेचा अर्ज लिहायला घेतला, ‘वडील बंधू वारल्यामुळे...’ तार येईल ती नाना गेल्याचीच, हे आम्ही सगळ्यांनी मनात धरून ठेवलं होतं. फोडली, तर गेली होती अक्का. मी ‘बंधू’ खोडून ‘भगिनी’ लिहिलं. धुळ्याच्या कचेरीत इतकी वर्षं कारकुनी केली, पण त्या खाडाखोडीइतकी लाज कशाची वाटली नाही.

अक्का आमची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन जळगावलगतच्या मेहरूणला, माहेरी परत आली आणि आई गेल्यावर नाना तिच्या वाट्याला आला. नाना माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. विशीतच त्याला भिंतीआड माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. सरकारनं आपल्यावर पाळत ठेवलीय, जेवणात काहीतरी कालवतात, असं तो म्हणे. डॉक्टर झाले, भगत झाले, शेवटी उरली अक्का. दिवसातून दहा वेळा ती तेच सांगे, “कोणी नही शे रे, नाना. मी शे ना.” तेवढ्या भरवशावर तो तिच्या हातचं जेवायचा. तिला मात्र एक रात्रही कुठे मुक्कामाला जाता आलं नाही...

आणि मी पडलो हुशार. एका सुट्टीत कचेरीतला जाड कागद नेला, त्यावर लाख ओतून कोटाच्या बटणाचा ठसा उमटवला आणि वळणदार अक्षरात हुकूम काढला, ‘सदर इसमावरील पाळत आजपासून उठवण्यात आली आहे.’ नानानं तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता हसेल.

“म्हणजे पाळत व्हती,” तो शांतपणे म्हणाला. मग चुलीपाशी बसलेल्या अक्काकडे वळला. “तू मन्हाशी खोटं बोलनी.”

तीन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाही. हुकूम मीच लिहिला, हे मी शपथेवर सांगितलं. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. चौथ्या दिवशी अक्कानं त्याच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्यासमोर खाल्ला आणि गिळून झाल्यावर तोंड उघडून दाखवलं. तेव्हा तो जेवला. त्यानंतर दोन्ही वेळा हेच. तापात हेच, आणि जन्मभर पाळलेली एकादशीही त्यात गेली. मला ती कधी रागावली नाही. एकदाच म्हणाली, “आते हुकूम आणू नको रे बाबा. काम वाढस.”

दिवसकार्य उरकून नानाला मी धुळ्याला आणलं. पहिल्या दिवशी मी तुकडा मोडून खाल्ला, तोंड उघडून दाखवलं. त्यानं ताट सरकवलं.

“तू नको. तू सरकारना माणूस शे.”

बायको चुलीपासून उठली, हात पुसून त्याच्यासमोर बसली आणि तिनं घास घेतला. तिचा घास गिळून होईपर्यंत नाना पाहत राहिला, मग जेवला... या गोष्टीला आता महिना झाला.

पुढच्या पंधरवड्यात सोनगीरला तिच्या धाकट्या भावाचं लग्न आहे. तू जाशील ना, असं मी काल विचारलं. ती नानाचं ताट वाढत होती.

“तुम्हीच जाऊन या,” ती म्हणाली. “तुम्ही नसलात तरी इथं चालतं.”