मांजराचं बारसं

आमच्या हिने माझ्यासोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे मी केलेला चहा मोरीत ओतणं.

गुडघा दुखतोय म्हणाली, म्हणून मीच उठून केला होता. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, म्हशीला पाजला तर म्हैस आटेल." मग लंगडत उठली, दुसरा केला, आणि आमच्या दहिसरच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसून आम्ही तो प्यायलो. दुपारी ती गेली. यात विनोदी काही नाही. विनोदी पुढे आहे.

पुढे म्हणजे मांजर. काही महिन्यांनी मुलगी संध्या मुलुंडहून पिंजरा घेऊन आली.

"बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही. ही घ्या बोलायला."

"ही काय बोलणार?"

"तुमच्यापेक्षा जास्तच."

आत काळीपांढरी मांजरी. कुठल्याशा गटारातून वाचवलेली, एका कानाचं टोक कापलेलं. (ऑपरेशन झालेल्या मांजराची ती खूण असते म्हणे. माझंही अपेंडिक्सचं झालंय, माझा कान कुणी कापला नाही!) वाचवणाऱ्या पोरींनी तिचं नाव ठेवलेलं मफिन. आता मी गिरणीत साच्यांवर कापड विणलेला माणूस. मी जिन्यात उभा राहून मफिन मफिन करू? आठवडाभर कळ काढली, मग संध्याला फोनवर साफ सांगितलं, "नाव बदल, नाहीतर मांजर घेऊन जा."

आणि फसलो. आमच्या भिंतीला भिंत लागून पाटकरवहिनी राहतात. त्यांना सगळं ऐकू जातं.

"भाऊ, मग बारसंच करू या की! या घरात कुणी हसलेलं ऐकू आलं नाही कधीपासून."

"वहिनी, हिला जाऊन वर्ष नाही झालं. वर्षाच्या आत पाळणा?"

वहिनींनी माझ्या मोठ्या बहिणीला, शेवंताला, फोन लावला. शेवंताचा जन्म मुंबईत गेला, तरी बोलते अशी की कालच मालवणातून उतरली. "मांजराक कसलां सुतक, मेल्या? आणि आत्या मीच मगे! माका साडी होयी!"

म्हणजे मांजरापायी मला साडी पडली!

रविवारी संध्या आली, बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या. पाळणा नव्हता, म्हणून भाजीची टोपली मांडली. मांजर टोपलीत थांबेना, म्हणून तळाशी तळलेली मांदेली ठेवली. मग ती थांबली. बायका मांदेलीच्या वासात पाळणा म्हणू लागल्या आणि मी कोपऱ्यात, हिच्या फोटोखाली, पोरीच्या बापासारखा तोंड पाडून बसलो.

शेवंता टोपलीत वाकली, त्या कापलेल्या कानात कुर्र केलं आणि मोठ्याने नाव सांगितलं.

"सुलोचना!"

सुलोचना म्हणजे आमची ही.

शेवंताचं सरळ होतं. आमच्याकडे माणूस गेलं की घरात पुढे जी पोर येते तिला ते नाव देतात. नाव घरात फिरतं राहतं. पण देतात ते नातीला! मांजराला?

"ते नाव नाही," मी म्हटलं. "ते घेतलेलं आहे."

"तू रे कधी घेतलंस तां?"

खरं होतं. एकदाच घेतलेलं, लग्नात, उखाण्यात, तेही मित्राने घोकून घेतलेला उखाणा. मग जन्मभर अगं. तिचं अहो. आमच्यात कोण नावाने हाका मारत होतं? ते नाव कोरंच्या कोरं राहिलं होतं, ते आता मांजरावर उघडायचं? उद्या ही ओट्यावर चढली की मी काय ओरडायचं, "सुलोचना, दुधात तोंड घालू नकोस"?

पण हे बोलायला सवडच मिळाली नाही. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत आहे. (आणि शेवंताच्या पाठीत बुक्का घालायची संधी रोज मिळत नाही.) धपाधप धपाधप! मांजर हादरली, टोपलीतून उडाली, एक पाय घुगऱ्यांच्या पातेल्यात, दुसरा माझ्या टकलावर, तिथून फोटोवर, आणि फोटोचा हार गळ्यात अडकवून खिडकीबाहेर छज्ज्यावर!

चौथा मजला. खाली फरशी.

"मफिन! मफिन!" संध्या रडायलाच लागली.

"सुलोचना! गो सुलोचना, मागे फिर गो!" शेवंता ओरडली. मग सगळ्या बायका एका सुरात, "सुलोचनाऽऽ!"

खाली आमचा सावंत उभा होता. मोतीबिंदूवाला. हिला वहिनी म्हणणारा, हिला खांदा दिलेला माणूस. त्याने वर बघितलं. त्याला दिसलं एवढंच की हिच्या खिडकीत काहीतरी पांढरं आहे, गळ्यात हार आहे आणि लोक नावाने हाका मारतायत. सावंताने चपला काढल्या, हात जोडले आणि बोंबलला, "वहिनी, जीव अडकवू नका! भाऊचं मी बघतो!"

मांजर अजून पुढे सरकली. मला ती नको होती, हे मी सगळ्यांना सांगितलेलं. पण या घरातून अजून एक जाणं मला झेपणार नव्हतं. तोंडाला काही सुचेना. रोज सकाळी जे निघतं तेच निघालं.

"अगं, चहा झालाय."

ही गेल्यापासून चहा मीच करत होतो आणि रिकाम्या घरात रोज ते म्हणत होतो. सवय. आल्यापासून मांजरीला वाटलं असणार, आपल्यालाच म्हणतोय.

ती वळली. छज्ज्यावरून डुलत आली, आत उडी मारली आणि हारासकट माझ्या चहाच्या स्टुलाशी येऊन बसली.

शेवंता पाठ चोळत म्हणाली, "हिचां नाव तू आदीच ठेवलेलंस? मगे माझी पाठ कित्याक मोडून घेतलंस?" साडी मात्र घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार पुसून फोटोला घातला. पाटकरवहिनींचा नळ जोरात चालू होता, म्हणजे ऐकू जाणार नव्हतं. फोटोकडे बघून हळूच म्हटलं, "सुलोचना." मांजरीने कानसुद्धा हलवला नाही. बरोबर आहे. तिचं नाही ते.

मग म्हटलं, "अगं, चहा झालाय." तर आली. मीही जरा खुशीत होतो, दुधाऐवजी बशीत चमचाभर चहाच ओतला. तिने हुंगला. माझ्याकडे बघितलं. आणि पंजाने लादी खरवडून खरवडून तो पुरायला लागली, मांजरं आपली घाण पुरतात तशी!

मी उठलो आणि दोघांचाही चहा मोरीत ओतला.