चाकूबाईची फळं

चष्मे बनवणाऱ्या काकांची बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पर्समध्ये कायम छोटी सुरी. फळ दिसलं रे दिसलं की चिरून दाखवणार. पोरं तिला चाकूबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आवडायचंही. अशा बोलक्या बाईची वाचा एका सकाळी चहा गाळता गाळता गेली. मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात लुळा पडला आणि तोंडात एकच शब्द उरला, 'दार'. भूक लागली तरी दार, रडू आलं तरी दार.

काकांनी हाय खाल्ली. तिला आता काही कळत नाही, म्हणजे दुःखही होत नसेल, एवढाच त्यांच्या मनाला आधार. मेहुणा भेटायला आला तेव्हा तिच्या उशाशी बसूनच ते म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही रे. एखाद्या संस्थेत ठेवतो. तिला काय, इथे काय नि तिथे काय!" ती भिंतीकडे बघत पडून होती.

संस्थेत घेण्याआधी तपासणी लागणार होती. इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या तरुणीने टेबलावर चित्रांचे पत्ते मांडले.

"मॅडम, फळं या बाजूला, भाज्या त्या बाजूला."

चाकूबाईने डाव्या हाताने पत्ते लावले. आंब्याशेजारी टोमॅटो, वांगं, भेंडी, मिरचीसुद्धा! बटाटा, गाजर, कोबी पलीकडे. सफरचंद आणि स्ट्रॉबेरी मात्र तिने कडेला वेगळीच सरकवली. पुन्हा करायला सांगितलं, तर पुन्हा तेच.

"ओळखच पुसली गेलीय, काका," तरुणी हळूच म्हणाली.

"अगं, मिरची काय फळ असते?" काका काकुळतीला आले. "नीट बघ ना!"

"दार!" तिने टेबलावर मूठ आपटली. "दार, दार!" सफरचंदावर बोट रोवून ती काकांकडे डोळे वटारून बघत राहिली.

ही नजर काकांच्या ओळखीची होती. लग्नाच्या नव्या नवलाईत, जेवताजेवता, तिने त्यांना असंच धारेवर धरलं होतं. फुलातल्या किंजपुटाचं, म्हणजे बीजं धरणाऱ्या कुपीचं, होतं ते फळ, मग गोड असो की तिखट. सफरचंदात आणि स्ट्रॉबेरीत आपण खातो तो गर किंजपुटाचा नव्हे, फुलाचं बूड फुगून झालेला. म्हणून ती आभासी फळं. तेव्हा काका जांभया देत होते.

"ती चुकली नाही," काका म्हणाले. "एकही पत्ता चुकला नाही." अडखळत त्यांनी सगळं सांगितलं.

तरुणीचा चेहरा उजळला. "म्हणजे समज शाबूत आहे! नुसते शब्द अडकलेत. आनंदाची बातमी आहे, काका!"

काका बायकोकडे वळले. समज शाबूत. मेहुण्यापुढे बोललेलं अक्षर न् अक्षर तिने ऐकलं होतं, आणि उलटून एक शिवीसुद्धा देता आली नव्हती.

"ऐकलंस ना तू सगळं?"

तिने डोळे मिटून घेतले. पापण्यांखालून पाणी ओघळलं.

संस्थेचा विषय तिथेच संपला. काका दुपारीच दुकान बंद करून घरी येऊ लागले, तिच्याकडून शब्द घोटून घेऊ लागले. पण शब्द परतले नाहीत, ती वर्गात पुन्हा उभी राहिली नाही. काका माफी मागत. ती तोंड फिरवी.

"मार मला, पण अशी गप्प पडू नकोस गं," एकदा ते हुंदके देत म्हणाले आणि तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो धरला नाही. झटकलाही नाही.