भिंतीपलीकडचं वायफाय

मोहाडीतल्या आमच्या घरात मधोमध भिंत आहे. अलीकडे मी, पलीकडे धाकटा भाऊ. माय त्याच्याकडे राहायची, कारण माग तिकडे होते. तो लुगडी विणायचा, मी विकायचो. सायकलवर गाठोडी लादून, वरठी स्टेशनहून गाडी पकडून मी एकेक गिऱ्हाईक जोडलं होतं. त्यातलं सर्वांत जुनं त्यानं परस्पर गाठलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

वायफाय माझं होतं, पण पलीकडेही पोचायचं. मायला त्याचीच गरज. जन्मभर मागाच्या खटखटीत बसून तिचे कान गेले होते. त्या आवाजात विणकर हातांनीच बोलतात: धागा तुटला, थांब, जेवायला चल. सुरतेला दिलेल्या माझ्या बहिणीशी माय याच खुणांनी रोज व्हिडिओवर बोलायची. मोबाइल बहिणीचाच जुना, बिनसिमचा.

गिऱ्हाइकाचं कळलं त्याच दिवशी मी पासवर्ड बदलला.

दुसऱ्या दिवशी माय मोबाइल घेऊन आली. "हे काहून नाही लागून राहिलं, पाय ना बाबू." मी बोट वर करून हात हलवला. टॉवर बंद.

भावानं वायफाय बसवणाऱ्याला बोलावलं. त्यानं माझ्याकडचा वायफायचा डबा बंद-चालू केला, पलीकडे जाऊन मोबाइल तपासला आणि परत माझ्या दारात येऊन म्हणाला, "काका, बिघाड काहीच नाही. नवा पासवर्ड टाकाचा आहे फक्त."

"ज्याले पाहिजे त्याले म्हणा, स्वतः येऊन माग."

भाऊ आला नाही. सौद्यात जो जास्त थांबतो त्याचा भाव लागतो, हे मी बाजारात शिकलो होतो. मी थांबलो.

नेट नाही, असं भाऊ मायला खुणेनं सांगायचा. तिला वाटायचं, समजूत घालतो आहे. पुढे ती मोबाइल न घेताच माझ्या ओसरीवर येऊन बसू लागली. एकदा म्हणाली, "पोरगी नाराज झाली का माह्यावर?" मी मान हलवून नाही म्हटलं. पासवर्डची चिठ्ठी माझ्या खिशातच होती. बहिणीनं मला फोन करून विचारलं, तेव्हा तिलाही मी टॉवर बंद असंच सांगितलं.

मग तिला ताप आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात चार दिवस काढले आणि गेली. बहीण पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर बहिणीनं तो मोबाइल मागितला. मी पलीकडे गेलो आणि माझ्या हातानं पासवर्ड टाकला. लगेच लागला. तिनं पाठवलेले व्हिडिओ एकामागून एक उतरू लागले. आवाज नाही, नुसते तिचे दोन हात. जेवलीस का? रागावलीस का? बोलत काहून नाहीस? आम्हा तिघांनाही ती भाषा येते.

"दादा, इतके दिवस टॉवर बंद होता?" तिनं विचारलं.

मी भावाकडे पाहिलं. आता हा बोलेल, असं वाटलं. तो त्या हातांकडेच पाहत राहिला. शेवटी मलाच सांगावं लागलं.