बाभळीपासून उजवीकडे तीन बोटं

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात माझं पोस्टिंग नाशिकजवळ देवळालीला होतं. मी सिग्नल्सची लेफ्टनंट. तोफा माझ्या नव्हत्या. तोफांना बोलतं ठेवणाऱ्या तारा आणि रेडिओ माझ्याकडे. फायरिंग रेंजवर एक अधिकारी टेकडीवरच्या ओ.पी.त, म्हणजे निरीक्षण चौकीत बसतो. गोळा कुठे पडला ते पाहतो आणि मागच्या तोफांना दुरुस्ती सांगतो. त्याचा आवाज तुटला की काम बंद. त्यामुळे माझा बराचसा दिवस बॅटऱ्या, केबल आणि ती कुरतडणारे उंदीर यांच्यात जाई.

तोफखान्याच्या दोन सवयी मला तिथे लागल्या. एक, कोणताही आकडा एकाच्या शब्दावर चालत नाही. दुसरा माणूस तो स्वतः काढतो, पहिल्याचं उत्तर न ऐकता. दोन्ही जुळले तरच गोळा सुटतो. आणि दुसरी, रेंजवर कोणीही ‘स्टॉप’ म्हणू शकतं. साध्या जवानाने म्हटलं तरी सगळे हात थांबतात, आणि त्याने कारण सांगेपर्यंत पुढे काही होत नाही.

कॅप्टन बर्गे हे आमच्याकडचे ओ.पी. ऑफिसर. साताऱ्याकडचे, उंच, हाताचे पंजे फावड्यासारखे. आधीची नोकरी राजस्थानच्या वाळवंटात झालेली. त्यांना पक्ष्यांचा नाद होता आणि मेसमध्ये त्यावरून रोज कोणीतरी त्यांची खेचायचं. ते मनावर घेत नसत.

हिवाळ्यात मोठ्या फायरिंगआधी रेंजवरचं वाळलेलं गवत पट्ट्यापट्ट्याने जाळावं लागे. नाहीतर गोळ्याच्या ठिणगीने लागलेली आग खालच्या गावांच्या शेतात, कडब्याच्या गंजीपर्यंत जायची. त्या वर्षी जाळण्याच्या आदल्या दिवशी बर्गे ओ.पी.तून उतरले ते थेट रेंज ऑफिसर मेजर साहेबांकडे गेले. मी तिथेच टेलिफोन तपासत होते.

“सर, उद्याच्या पट्ट्यात एक गप्पीदास आहे.”

“गप्पीदास रोज असतात.” मेजर साहेबांनी मान वर केली नाही. हिवाळ्यात हा चिमणीएवढा पक्षी रेंजवर नेहमीचाच.

“हा तो नाही. दिसतो तसाच, पण हा वाळवंटातला आहे. फार थोडे उरलेत. इकडे कसा आला माहीत नाही. गवत जाळलं तर तो जाईल.”

“खात्री आहे?”

“माझी आहे.”

“तुझ्या एकट्याची. गावांची शेतं मी तुझ्या एकट्याच्या खात्रीवर ठेवू?” मेजर साहेबांनी आता मान वर केली. “चेक करून दे. सकाळी, वारा सुटायच्या आत. दुसऱ्या माणसाने पाहायचं, तू काही सांगायचं नाहीस.”

बर्गेंनी माझ्याकडे बोट केलं. “माधुरी.”

“मला चिमणी आणि कावळा एवढंच कळतं, सर,” मी म्हणाले.

“म्हणूनच.”

बर्गेंची बदली आलेली होती. आठवड्याने ते उत्तरेला निघणार होते. तो पक्षी वाचवायची त्यांना दुसरी संधी नव्हती.

सकाळी मी ओ.पी.त दुर्बीण घेऊन बसले. शेजारी रेडिओवर सुभेदार थोरात. ते सिन्नरचे. बर्गे दहा पावलं मागे, आमच्याकडे पाठ करून उभे. आदल्या दिवशी जे पाहिलं ते त्यांनी मेजर साहेबांना सांगून ठेवलं होतं. मला फक्त जागा दिली होती: एकटी बाभूळ, तिच्यापासून उजवीकडे तीन बोटं, वाळलेलं झुडूप. तोफखान्यात हात लांब करून बोटांनीच अंतर दाखवतात. खाली पट्ट्याच्या कडेला मेजर साहेब आणि पलिते घेतलेले जवान.

मी हात लांब केला. तीन बोटं. झुडूप सापडलं. शेंड्यावर पक्षी.

“ओ.पी. टू रेंज. पक्षी दिसतोय. डोकं काळं. गळा काळा. छाती तांबूस. ओव्हर.”

मागे बर्गे तसेच पाठ करून उभे. रेडिओ थोडा खरखरला.

“रेंज टू ओ.पी. चेक जुळत नाही. आम्ही पेटवतोय. आउट.”

थोरात हळूच म्हणाले, “मॅडम साब, लय बारका जीव. तोफेच्या दुर्बिणीत चिमणी शोधायची म्हंजे...”

“थोरात, थांबा जरा.”

माझं लक्ष अजून लांब केलेल्या हाताकडे होतं. माझा हात. बर्गेंची तीन बोटं म्हणजे माझी तीन नव्हेत. प्रत्येक गनर रुजू झाल्यावर आपापली बोटं भिंतीवरच्या खुणांशी मोजून ठेवतो. मी सिग्नल्सची, मी कधी मोजली नव्हती. मी चौथं बोट उघडलं. त्याच्या कडेला आणखी एक झुडूप होतं. त्याच्या बुडाशी मोकळ्या जमिनीवर तसाच एक पक्षी. खाली पहिला पलिता पेटला होता.

मी थोरातांच्या हातातून माईक घेतला.

“स्टॉप. स्टॉप. स्टॉप.”

जवानाने पलिता मातीत दाबला. मला वरून धूर दिसला.

“रेंज टू ओ.पी. कारण सांगा. ओव्हर.”

“आधी चुकीचं झुडूप धरलं. आता बरोबर आहे. गळा पांढरा. डोळ्यावर पांढरी भुवई. जमिनीवर आहे. छाती फुगवून डावीकडे-उजवीकडे झुलतोय, आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखा. ओव्हर.”

मेजर साहेबांनी उलट विचारलं.

“पैलवान हा शब्द बर्गेने तुला सांगितला?”

“नाही, सर.”

“त्यानेही काल तोच वापरला. चेक ओके. आउट.”

बर्गे वळले. “बोटं मोजून घे, माधुरी,” एवढंच म्हणाले. मग दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

त्या झुडपाभोवतीचा गवताचा तुकडा जाळला नाही. पण आग तिथे शिरू नये म्हणून भोवतीचं गवत विळ्याने कापून मोकळा पट्टा काढावा लागला. ते काम थोरातांच्या माणसांनी केलं, बर्गे आणि मीही केलं. “एका चिमणीपायी कॅप्टन साब गवत कापू लागले, आता लग्नाला पोरगी मिळायची नाय,” असं थोरात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. बर्गे हसले. हाताला फोड आले होते त्यांच्या.

पुढच्या उन्हाळ्यात कॅप्टन बर्गे डोंगरातल्या एका चौकीवर ओ.पी.त असताना मारले गेले. बातमी आमच्या एक्स्चेंजवरून पुढे गेली. ड्यूटीवर मीच होते. मी कॉल जोडून दिला.

पाच वर्षांनी मी सैन्य सोडलं आणि नाशिक रोडला राहू लागले. थोरात रिटायर होऊन सिन्नरला शेती करतात. थंडी पडली की त्यांचा फोन येतो, “मॅडम साब, गप्पीदास आले.” मग मी एसटीने जाते आणि आम्ही त्यांच्या बांधावर उभे राहून एकेकाचा गळा तपासतो. पांढरा अजून सापडलेला नाही. पण मला आता पाहता येतं, आणि ते मला बर्गेंनी दिलं. उत्तर न सांगता, पाठ करून उभं राहून. एवढा विश्वास माझ्यावर तोवर कोणी टाकला नव्हता.

काही वर्षांपूर्वी एका समारंभासाठी रेंजवर जाणं झालं. तो तुकडा अजून न जाळता ठेवतात. बाभूळ वठून गेली आहे. ओ.पी.त एक तरुण लेफ्टनंट रेडिओवर जागा सांगत होता: “रेफरन्स पॉइंट बर्गे. उजवीकडे दोन बोटं, मोठा दगड.”

मी त्याला विचारलं, बर्गे म्हणजे काय.

“ते समोरचं गवत, मॅडम. सगळे तिथूनच मोजतात.”

मी हात लांब केला आणि त्याची दोन बोटं माझ्या हिशोबात मोजून घेतली. दगड तिथेच होता; जागा बरोबर होती.