रायफल उत्तम आहे

आधीच सांगून ठेवते — मी माफी मागायला बसलेली नाही. हे नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला माहीत नाही, आणि जिच्या बाबतीत मी हे केलं तिला तर नाहीच नाही. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. ऐका, आणि मग माझ्याबद्दल काय वाटायचं ते खुशाल वाटू द्या.

मी नेमबाजी करते. हसू आलं ना? इथे आयर्लंडमधल्या नावन गावात आमच्या मराठी मंडळींनाही आलं होतं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादापेक्षा तोच विषय जास्त चघळला गेला. "म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक?" एकाने विचारलं. त्याला म्हटलं, बाबा रे, आयर्लंडमध्ये जरा ताकदीची एअर रायफलसुद्धा बंदूकच धरतात. तिला गार्डांचा, म्हणजे इथल्या पोलिसांचा, परवाना लागतो. आणि तो परवाना माणसापुरता नसतो, त्या एका रायफलीपुरता असतो. रायफल बदलायची म्हटली की पुन्हा खेटे घाला, पुन्हा वाट बघा. हे जरा लक्षात असू द्या.

पुण्यात कॉलेजात असताना मी युनिव्हर्सिटीच्या संघात होते. बरी नव्हते — चांगली होते. मग लग्न झालं. सासरे एकदा जेवताना म्हणाले, "सूनबाई आता काय फुगे फोडत हिंडणार का?" हसत म्हणाले, कुणाला लागावं म्हणून नव्हे. मीही हसले, आणि आठवडाभरात क्लबची रायफल परत करून आले. हसत हसत सांगितलेल्या गोष्टीला नाही म्हणणं किती अवघड असतं, कधी अनुभवलंय तुम्ही? मग नोकरी, मूल, देश बदलणं, रोज सिटीवेस्टच्या ऑफिसपर्यंत गाडी हाकणं. चाळिशी उलटल्यावर कुणीतरी सांगितलं की गावाबाहेर एका हॉलच्या मागे दहा मीटरची रेंज आहे. गेले. रायफल खांद्याला लावली आणि डोळ्यांत पाणी आलं. शनिवारची सकाळ तेव्हापासून माझी. तिच्यात मी ना कुणाची आई, ना कुणाची बायको.

आणि त्या सकाळीत सायलीला मीच घेऊन गेले. स्वतःच्या हाताने.

सायली नागपूरची. इथल्या एका हॉस्पिटलात सर्जरीच्या विभागात ज्युनियर डॉक्टर, माझ्याहून बरीच लहान, एकटीच राहायची. मला ताई म्हणायची आणि दर रविवारी काहीतरी तिखटजाळ रांधून डबा आणून द्यायची. सर्जनच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी तिची मुलाखत यायची होती. एका जागेमागे ढीगभर अर्ज. बिचारी झोपत नव्हती. मी म्हटलं, चल, एक तास कागदावरच्या काळ्या ठिपक्याकडे बघ, डोकं शांत होईल. क्लबची टार्गेट रायफल तिच्या हातात दिली. कसं उभं राहायचं, दस्ता खांद्यात घट्ट कसा बसवायचा, सगळं मीच शिकवलं.

दुसऱ्या महिन्यात ती माझ्या बरोबरीला आली. तिसऱ्यात पुढे गेली. काय हात होता तो! आमच्याकडे एखाद्या डॉक्टरला हातगुण आहे म्हणतात ना, तसा. श्वास सोडायची आणि हात दगडासारखा थांबायचा. मी मागे उभी राहून बघायचे, आणि मला आनंद व्हायचा नाही. कानामागून आली आणि तिखट झाली — ही म्हण मी सत्तर वेळा ऐकली असेल, पण ती पोटात कुठे झोंबते ते तेव्हा कळलं.

इथे लोक थांबतात आणि म्हणतात, "मला माझीच लाज वाटली." मला नाही वाटली. पुरुषाला जिंकावंसं वाटलं की ती जिद्द, बाईला वाटलं की जळफळाट? असेना का. मी जळले. मला एक गोष्ट हवी होती, आयुष्यात एकच स्वतःसाठी हवी होती — आजूबाजूच्या क्लबांच्या सामन्यासाठी आमच्या संघात उरलेली चौथी जागा. डेक्लनने, आमच्या क्लबच्या सेक्रेटरीने, सांगून ठेवलं होतं की ती जागा माझी नाहीतर सायलीची. हवी होती मला. आजही विचाराल तर सांगेन, हवी होती.

क्लबची रायफल नव्या येणाऱ्यांत वाटून वापरावी लागायची. सायलीला स्वतःची घ्यायची होती. कुठली घेऊ, हे ती मला सोडून कुणाला विचारणार?

आता थोडं रायफलींबद्दल, कंटाळू नका. टार्गेटची रायफल दाबलेल्या हवेवर चालते. चाप ओढला तरी हातात ती हलत नाही. शिकारीची जी साधी रायफल असते तिच्या पोटात जाड स्प्रिंग असते. चाप ओढला की आधी ती स्प्रिंग धावते, रायफल पुढे-मागे झटका खाते, आणि छर्रा नळीतून त्यानंतर बाहेर पडतो. सशाला ती पुरते. पण मी सायलीला शिकवलं होतं तसं या रायफलीला घट्ट धरून उभं राहाल तर दर छर्रा वेगळ्या गावाला जातो. ती धरायची रीतच निराळी — उघड्या तळव्यावर नुसती ठेवायची, झोपलेलं मूल धरल्यासारखी, आणि तिला हवा तसा झटका खाऊ द्यायचा. हे मला माहीत होतं. सायलीला माहीत नव्हतं.

दुकानात मी तिला स्प्रिंगची रायफल घ्यायला लावली.

कारणही किती छान होतं माझ्याकडे! तिच्या एका पेशंटने, शेतकऱ्याने, तिला सांगितलं होतं की माझ्या रानात ससे फार झालेत, कधीही या. मी म्हटलं, "मग दोन्हीला चालेल अशी एकच घे. टार्गेटही, शिकारही." सायली आणि शिकार! साओजी मटण ओरपणारी ही पोरगी, पण गाडीखाली आलेला साळुंखीएवढा पक्षी बघून रस्त्यात रडत बसली होती. ती ससा मारणार? दुकानदाराने भुवया उंचावल्या. डेक्लनही पुढच्या शनिवारी म्हणाला, "दॅट्स अ रॅबिट गन, लाइक." मी म्हटलं, ती शेतावरही जाणार आहे. "ग्रँड," म्हणाला तो, आणि चहाची किटली लावायला गेला. नेमबाजीतलं मला कळतं अशी सगळ्यांची खात्री होती. परवान्यासाठी सायलीच्या चांगल्या वर्तणुकीची ग्वाही दोघांनी द्यायची होती. त्यातली एक मी दिली. माझ्या वर्तणुकीची चौकशी कुणी केली नाही.

तिचे गुण घसरले. घसरणारच होते, आणि परवाना त्या एका रायफलीपुरता, म्हणून ती सहज बदलताही येत नव्हती. क्लबची रायफल पुन्हा वापरून बघू का म्हणाली, तर मी म्हटलं, सारखी रायफल बदलली की हात बिघडतो. एकदा ती जरा चिडून म्हणाली की या रायफलीतच काहीतरी आहे. मी हसत हसत म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" हसत हसत. सासऱ्यांकडून तेवढं शिकले होते. आणि अंगण वाकडंच होतं हो. मीच तसं सारवून दिलं होतं.

इथपर्यंतचं मला फार काही वाटत नाही. खेळ आहे, खेळात लोक यापेक्षा वाईट करतात. एक सामना हुकला असता तिचा, पुढच्या वर्षी शहाणी झाली असती. असं मी स्वतःला सांगत आले आहे. तुम्हालाही सांगून टाकलं. आता पुढचं सांगते — मघापासून मी त्याच्याभोवतीच फिरतेय.

निवडीच्या आधीचा शनिवार. बाहेर नेहमीचा आडवा पाऊस. सायलीने छर्रे मारले, कागद ओढून घेतला. भोकं सगळीकडे, ताटात सांडलेल्या मोहरीसारखी. तिने बोटाने एकेक भोक मोजलं. मग स्वतःचा उजवा हात समोर धरून म्हणाली, "ताई, हात हलून राहिला का माझा?"

नव्हता हलत. तसूभरही नव्हता.

"एकदा तुम्ही मारून बघा," ती म्हणाली. "रायफलीत दोष असला तर तुमच्याकडूनही असंच होईल. नसला तर... मग माझ्यातच आहे."

तिने ती रायफल माझ्या हातात दिली. काय करायला हवं होतं? काहीच नाही! मी तिला शिकवलं होतं तशी घट्ट धरून मारली असती तरी पुरे होतं. माझी भोकंही इकडेतिकडे पडली असती आणि ती हसून म्हणाली असती, बघा, अंगणच वाकडं. कबूलही करायला लागलं नसतं मला. नुसतं वाईट मारायचं होतं.

मी डावा तळवा उघडा ठेवला. त्यावर रायफल अलगद टेकवली, खांद्याला जेमतेम लावली. मागून तिला काही दिसणार नव्हतं. पाच छर्रे मारले. कागद जवळ आला तेव्हा पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली असती. आयुष्यातली माझी सगळ्यात सुंदर नेमबाजी ती — हेही ऐकून ठेवा, कारण त्या क्षणी मला अभिमान वाटला. आधी अभिमान वाटला.

मग मी रायफल तिला परत दिली आणि म्हटलं, "रायफल उत्तम आहे."

तिने मान हलवली. निवडीला ती आलीच नाही. महिन्याभराने सर्जरीच्या मुलाखतीलाही गेली नाही. मला फोनवर म्हणाली, "टेबलावर माणूस असतो ताई, कागद नाही. ज्या हाताचा मलाच भरवसा नाही, तो कुणाच्या पोटात कसा घालू?" मी फोन कानाला धरून उभी होते. एक वाक्य लागत होतं. दोष स्प्रिंगचा आहे, एवढंच. मी म्हटलं, "विचार करून ठरव, घाई करू नकोस." केवढी समंजस, नाही का?

चौथी जागा मला मिळाली. संघ शेवटून दुसरा आला. सहभागाचं पदक स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये — आता कपाटाला आम्हीही प्रेसच म्हणतो — पोह्यांच्या डब्यामागे आहे. मी ते टाकून दिलेलं नाही आणि देणारही नाही. मी अजूनही दर शनिवारी रेंजवर जाते.

सायली आता गॉलवेकडे जीपी आहे, फॅमिली डॉक्टर. लग्न झालं, घर घेतलं, पेशंट तिच्यावर जीव टाकतात. बघा, चांगलंच झालं की, असं म्हणून मी इथे सुटू शकले असते. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही तिच्याकडे राहायला गेलो होतो. नारळीभातासाठी मी नारळातलं खोबरं काढत होते, सुरी सटकली आणि तळवा चिरला गेला. डावा. तोच.

सायलीने मला खुर्चीवर बसवलं, हात नळाखाली धरला, जखमेच्या कडा बोटांनी जुळवून धरल्या. मी तिच्या बोटांकडे बघत होते. रक्त वाहत होतं, बाहेर तिचा नवरा घाबरून काहीबाही विचारत होता, आणि ती बोटं पहिल्यासारखीच होती. श्वास सोडून थांबलेली.

"खोल आहे, टाके लागतील," ती म्हणाली. "घरात सामान आहे सगळं, पण हॉस्पिटललाच जाऊ. दुसरं कुणीतरी घालेल." मग जरा ओशाळं हसली. "माझ्या हाताचं तुम्हाला तर माहीतच आहे, ताई."

मी "हो" म्हटलं.

तिने माझ्या तळव्यावर घट्ट पट्टी बांधली, दारातली माझी चप्पल आणून पायापाशी ठेवली, आणि गाडीची किल्ली शोधायला गेली.