अम्मीचे पन्नास चिंचोके

आमच्या अम्मीला अल्लाहचा शुक्र करायला निमित्त लागत नाही. नळाला पाणी आलं, शुक्र. नाही आलं, तर काल दोन घागरी भरून ठेवल्या होत्या म्हणून शुक्र. माझा स्वभाव तिच्या अगदी उलटा. उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. दिवसभर लोखंडाशी आणि गिऱ्हाइकांशी झगडून माणूस गोड कसा राहणार? लाईट गेली की माझं डोकं सटकतं, आणि ही पदरानं वारा घेत म्हणते, "बरं झालं, जरा शांत तरी वाटतंय. शुक्र हाय." मी कितीदा तरी वैतागून म्हटलंय, अम्मी, एकदा तरी तक्रार कर. तिचं उत्तर ठरलेलं, "तू करतोस की सगळ्यांच्या वाटणीची."

मागच्या वर्षी माझी बायपास झाली. मी आत टेबलावर असताना ही बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिथं तिनं मन्नत मागितली: पोरगा स्वतःच्या पायानं चालत घरात आला, तर शुक्रान्याच्या शंभर रकाती पढीन, आणि उभ्यानं पढीन. मी चालत घरात आलो. दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर अम्मीनं मन्नतीच्या पहिल्या दोन रकाती पढल्या.

दोन रकाती म्हणजे दोनदा उभं राहायचं, वाकायचं आणि चारदा कपाळ जमिनीला लावायचं. अम्मीचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे असे, की उठताना त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यावा. रोजची नमाज ती कधीपासून खुर्चीवर बसूनच पढते. मी संतापलो. म्हटलं, दवाखान्यातनं मी आलो, आता तुला न्यायचं काय? मौलानांना घरी बोलावलं. त्यांनी समजावून सांगितलं, की अम्मी, उभं राहणं झेपत नसेल तर मन्नतीची नमाजही बसून होते, अल्लाह कुणाला त्रासात घालत नाही. अम्मीनं त्यांना चहा दिला, मान डोलावली आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "झेपत न्हाय असं कुणी सांगितलं? दुखतंय. दुखणं येगळं, न झेपणं येगळं. आन् त्येनं तुला देताना अर्धा दिला व्हय?" कप्पाळ.

हिशेब राहावा म्हणून तिनं पन्नास चिंचोके एका डब्यात घेतले. रोजच्या दोन रकाती झाल्या, की एक चिंचोका उचलून दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे खिडकीत. मला डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं होतं, त्यामुळे रोज दुपारी समोर तेच. ती जानमाज अंथरायची, खुर्चीला धरून उठायची, तोंडातनं हूं की चूं नाही, पण कपाळावर घाम. माझा जीव तुटायचा. एक दिवस ती नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला मोरीत गेली असताना मी भरल्या डब्यातला एक चिंचोका उचलून दुसऱ्यात टाकला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण सवय लागली. चार-पाच दिवसांनी आणखी एक. बायकोनं एकदा पाहिलं. म्हणाली, "अहो, हे कुणाला फसवताय?" मी तिच्यावरच खेकसलो, की तुला तिचे गुडघे दिसत नाहीत का. असे एकूण सात टाकले.

डबा लवकर रिकामा झाला. अम्मीला शंका आली नाही. तिनं दिवस मोजलेच नव्हते, चिंचोके मोजले होते. त्या दिवशी तिनं शिरा केला, गल्लीत वाटला. मीही दोन वाट्या खाल्ला. मनात म्हटलं, सुटली एकदाची.

वर्कशॉपला मी हळूहळू परत जायला लागलो. दुपारी जेवायला घरी यायचो, तर अम्मी नमाज उरकून नुसती बसलेली. खिडकीतनं बाहेर बघत. बायको म्हणाली, आठ दिवस असंच चाललंय, जेवणावरही लक्ष नाही. मी विचारलं, "काय होतंय अम्मी?" तर म्हणाली, "काय न्हाय. सगळं फिटलं बघ. आता त्येनं बोलावलं तरी मी जायाला मोकळी."

मी ताट तसंच बाजूला सारलं. मोकळी कुठली? चौदा रकाती तिच्या डोक्यावर तशाच होत्या आणि तिला ते माहीतच नव्हतं. ती खरंच गेली असती, तर अल्लाहच्या दारात माझ्या आईची मन्नत अपुरी निघाली असती, माझ्यामुळं. मी नमाजी माणूस नाही, शुक्रवार तेवढा पाळतो. पण त्या दुपारी मला घाम फुटला. वर्कशॉपला परत गेलो, तर हात काम करेनात. एक जॉब बिघडवला, दुसरा हातातच घेतला नाही, आणि शटर ओढून घरी आलो.

तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगून टाकलं. सात चिंचोके मी टाकले. तुझे पाय बघवत नव्हते म्हणून टाकले.

मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसायलाच हवी होती. तिनं विचारलं, "सातच? नीट आठव."

"सातच."

"म्हंजे चौदा रकाती राहिल्यात." आणि बाई चक्क हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. "मला वाटलं, संपलं. दुपार झाली की कुठं जाऊन उभं राहावं, कळंना झालतं."

मी म्हटलं, "अम्मी, गुडघे दुखतात ना गं?"

"दुखत्यात की. मी कुठं न्हाय म्हणते?" तिनं माझ्या छातीवर हात ठेवला, टाक्यांच्या जागी. "तुला वाटलं म्हातारी फेडतीया. आरं, मी उभी राहिले की तू रोज दवाखान्यातनं चालत घरात येत होतास. मी बघत होते. सात बार तू मला बघू दिलं न्हाईस."

मला रडू आलं. बायको आत निघून गेली. अम्मीनं माझं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली, जेवून घे आता, दुपारी नीट जेवला न्हाईस.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधनं मी वेळेआधीच निघालो. घरी पोचलो, तर अम्मी जानमाजवर होती, शेवटच्या बैठकीत, ओठ हलत होते. आत पाऊल टाकलं तर तिचं लक्ष मोडेल म्हणून चपला हातात घेऊन मी दारातच थांबलो. नमाज संपवताना मान आधी उजवीकडं वळवून सलाम म्हणायचा असतो, आणि आमचं दार उजवीकडं आहे. तिनं मान वळवली, तेव्हा मी समोर होतो.