डोकं दुखतंय का, अप्पा?

माझ्याच सुमारास लग्न झालेल्या मैत्रिणींकडे सासरचे किस्से आहेत. कुणाची करपलेली पुरणपोळी, कुणाचं आतेसासूंना ओळखायचं राहून जाणं. माझ्याकडेही साठलेत, पण बहुतेक सगळे सुरतेतल्या एका हॉस्पिटलच्या खोलीतले. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अल्झायमरची सुरुवात आहे. तिथे महिन्यातून एकदा त्यांना सलाईनमधून औषध देतात. नवरा, नीलेश, हजीऱ्याच्या प्लांटमध्ये शिफ्टला असतो, म्हणून सोबत सासूबाई आणि मी. भीती वाटायला लागली की माणूस आजूबाजूचं फार बारकाईनं बघतो. किस्से त्यातूनच जमतात.

*

अप्पा सुरतेतच, लिंबायतला, मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत नको ते साठलंय, हे औषध ते साफ करतं. गेलेलं परत येणार नाही. आहे ते जरा जास्त टिकेल. पण साफसफाईत मेंदूला सूज येऊ शकते, बारीक रक्तस्राव होऊ शकतो. बहुतेकांना कळतही नाही, क्वचित जिवावर बेततं. म्हणून मधूनमधून एमआरआय.

अप्पाच बोलले, "म्हणजे उकाई धरणातला गाळ काढायचा, आणि काढता काढता भिंतीला तडा जाऊ शकतो."

"साधारण तसंच, सर."

"हं. आणि खाली सुरत आहे."

*

औषधाआधी एक जनुकीय तपासणी असते. सूज येण्याचा धोका कुणाला जास्त, ते त्यातून कळतं. अप्पांचा धोका मध्यम निघाला. नीलेशनं विचारलं, "ते जनुक माझ्यातही असेल?"

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले.

गाडीत माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आई, हिला लग्नाआधी सांगायला हवं होतं."

सासूबाई म्हणाल्या, "पत्रिकेत कुठे होतं रे ते?"

*

पहिल्याच सलाईनला अप्पांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. घाबरल्या की सासूबाईंची अहिराणी वर येते. "काय व्हयनं हो तुमले?" म्हणत त्या उठल्या. नर्स जिग्नाबेननं सलाईन थांबवलं, इंजेक्शन भरायला घेतलं. तेवढ्यात सासूबाईंनी पर्समधून मीठ-मोहरीची पुडी काढून अप्पांवरून उतरवलीसुद्धा. पुडी घरून आणलेली होती. हॉस्पिटलात जाताना डबा घ्यावा तशी.

"बा, आ अहियां सळगावशो नहीं," जिग्नाबेननं पुडी इथे पेटवू नका म्हणून बजावलं, "ऑक्सिजन छे."

इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळानं कापरं थांबलं. जिग्नाबेननं इंजेक्शनच्या सुईकडे बघितलं, सासूबाईंनी पुडीकडे. दोघींच्या चेहऱ्यावर सारखंच समाधान.

*

शेजारच्या खुर्चीवर हेच औषध घ्यायला रसिकभाई असायचे, साड्यांचे व्यापारी. एका महिन्यात त्यांची खुर्ची रिकामी. त्यांच्या पत्नी, हंसाबेन, फाइल घ्यायला आल्या होत्या. रसिकभाईंचं डोकं दुखत होतं, पण औषध बंद करतील म्हणून बोललेच नाहीत. एमआरआयमध्ये सूज दिसली. आता बंदच आहे.

"दुकानात गिऱ्हाइकाला कधी 'नथी' म्हणाले नाहीत," हंसाबेन म्हणाल्या. "डॉक्टरलाही तसंच, सगळं ठीक. बधुं सारुं छे."

त्या दिवशी आम्ही डबा उघडला नाही.

*

तेव्हापासून आमच्या घरात 'चहा झाला का' विचारत नाहीत, 'डोकं दुखतंय का' विचारतात. डोकेदुखी, चक्कर, धूसर दिसणं, गोंधळणं, काहीही झालं तर त्याच दिवशी कळवायचं, अशी सक्त सूचना आहे. अप्पा चिडतात. "विचारून विचारून दुखवाल."

पण एकदा आंघोळीला जाताना म्हणाले, "आज डोकं जड आहे." सासूबाईंनी लगेच हॉस्पिटलला फोन लावला. अप्पा आंघोळ करून बाहेर आले.

"कुणाचं डोकं?"

"तुमचं. आत्ताच म्हणालात."

"मी? काहीतरीच."

त्या वेळचा एमआरआय ठीक निघाला. नीलेश फोनवर म्हणाला, "आई उगाच घाबरते. तू शांत आहेस, तूच लक्ष ठेव."

मी शांत नाही. दुखलं तर सांगायचं ते अप्पांनीच, आणि विसरायचा आजारही अप्पांनाच. हे एकदा डोक्यात आलं की मला बोलायलाच काही सुचत नाही. लोकांना ती शांतता वाटते.

*

परवा सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. अप्पा बाल्कनीत बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला नाही. दाराकडे बघितलं, मग मला हातानं जवळ बोलावलं.

"सिस्टर, बरं झालं तुम्ही आलात. एक सांगतो, पण घरी कुणाला बोलायचं नाही."

"काय झालं?"

"सकाळपासून डोकं फुटतंय. मिसेसला सांगितलं की ती रडत बसते. आणि मुलाचं नुकतंच लग्न झालंय हो. सूनबाई नवीन आहे, शांत आहे बिचारी. घाबरून जाईल."

मी कप खाली ठेवला.

"नाही सांगत कुणाला, काका," मी म्हटलं. "चपला घाला. डॉक्टर थांबलेत."